उतरणाऱ्याच्या बाजूने जिना



घर बांधायला काढलेल्या माणसाला जिना कसा हवा असे विचारले, की तो बहुधा मोबाइलवरचे एक छायाचित्र पुढे करतो. भिंतीतून बाहेर आलेल्या जाड लाकडी फळ्या, खाली कुठलाच आधार दिसत नाही, बाजूला अखंड काच, प्रत्येक पायरीखाली मंद उजेडाची रेघ. अशा छायाचित्रांत तपशील बदलतात, एक गोष्ट मात्र सहसा बदलत नाही. कॅमेरा दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी उभा असतो आणि वर पाहत असतो. वरच्या मजल्यावर पहिल्या पायरीच्या तोंडाशी उभे राहून, खाली पाहत काढलेले छायाचित्र क्वचितच आढळते. माझे आजचे सारे प्रतिपादन या निरीक्षणावर उभे आहे. आजचा घरगुती जिना खालून बघणाऱ्यासाठी आखला जातो. तो वरून उतरणाऱ्यासाठी आखला गेला पाहिजे, आणि तसा आखला तर माप, दगड, कठडा, दिवा, वळण या सगळ्यांची उत्तरे आज मिळतात त्याहून वेगळी येतात.

चढणे आणि उतरणे या एकाच क्रियेच्या दोन दिशा आहेत, असे आपण धरून चालतो. शरीराच्या हिशेबात त्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चढताना दम लागतो, पण तोल गेला तर माणूस बहुतेक वेळा पुढे, समोरच्या पायऱ्यांवर पडतो. हात टेकतात, पडण्याची उंची थोडी असते. उतरताना सगळे वजन एका वाकलेल्या गुडघ्यावर असते आणि दुसरे पाऊल खालच्या पायरीकडे अधांतरी निघालेले असते. ते आधी चवड्यावर टेकते, आणि टेकण्याच्या क्षणी डोळे त्या पायरीवर नसतात, ते दोन-तीन पायऱ्या पुढे गेलेले असतात. पायरी जिथे असेल अशी शरीराची समजूत झालेली असते, तिथे ती असावी लागते. नसली तर समोर फक्त उतार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडण्याने दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रम लागतो. हे सगळे जिन्यावरून पडणे नव्हे. पण घरात माणसाला उंचीवरून रोज खाली यायला लावणारी जागा जिना हीच आहे, आणि त्या जागेचा विचार आपण किती कमी करतो, हे त्या आकड्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

शरीर पायऱ्यांचे माप किती पटकन शिकते, याचा एक नमुना न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या ३६व्या स्ट्रीटच्या भुयारी रेल्वे स्थानकाने दिला. तिथल्या जिन्याची एक पायरी इतरांपेक्षा इंचाच्या काही अंशाने उंच होती. २०१२ साली एका चित्रपटकाराने त्या पायरीवर कॅमेरा रोखून ठेवला, तर तरुण, म्हातारे, कडेवर मूल घेतलेले, एकामागून एक तिथेच ठेचकाळताना दिसले. त्यानंतर रेल्वे प्रशासनाने जिना बंद करून दुरुस्त केला. ठेचकाळणारे लोक बेसावध होते, असे म्हणता येणार नाही. आधीच्या पायऱ्यांनी शिकवलेले माप त्यांच्या पायांनी प्रामाणिकपणे पाळले, एवढेच. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीत एका सोपानातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत तीन अष्टमांश इंचाहून, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरहून, जास्त फरक चालत नाही. तो आकडा इतका काटेकोर का, हे त्या स्थानकातली माणसे पाहिली की पटते. आणि ती माणसे चढत होती. उतरताना अशी फसगत झाली तर समोर हात टेकायला पायरीसुद्धा नसते.

आता आपल्याकडे बंगला किंवा रो-हाउस बांधताना काय होते ते जरा जवळून पाहू. स्लॅब पडतो, त्याच वेळी किंवा नंतर जिन्याचा तिरका स्लॅब आणि पायऱ्या होतात. सुतार-सेंट्रिंगवाला मजल्याची उंची सारखी वाटून पायऱ्या आखतो, सगळ्या कच्च्या पायऱ्या एकसारख्या, समजा १६९ मिलिमीटरच्या. त्याचे काम चोख असते. मग महिन्यांनी फरशीवाला येतो. मजल्यावर मसाल्याचा बेड आणि वर टाइल, मिळून ६५-७० मिलिमीटर भर पडते. पायरीवर मात्र पातळ मसाला आणि १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट, मिळून ४० मिलिमीटर. मधल्या सगळ्या पायऱ्या सारख्याच वाढल्यामुळे त्यांची उंची १६९च राहते. पण तळमजल्याची फरशी ७० मिलिमीटरने वर आली आणि पहिली पायरी ४०नेच, म्हणून सर्वांत खालची पायरी १३९ची होते. वरच्या मजल्याची फरशी ७०ने वर गेली आणि तिच्याखालची पायरी ४०नेच, म्हणून सर्वांत वरची पायरी १९९ची होते. चढणाऱ्याला याचा त्रास शेवटी होतो. उतरणाऱ्याला तो पहिल्याच पावलाला होतो: घरातली सर्वांत खोल पायरी त्याला सुरुवातीलाच, अर्धवट झोपेत, पाण्याची बाटली हातात असताना भेटते. पुढे सगळ्या पायऱ्या सरळ, पायांनी माप शिकून घेतलेले, आणि शेवटी जमीन अपेक्षेपेक्षा तीन सेंटिमीटर आधीच येऊन तळव्यावर आदळते. साडेनऊ मिलिमीटरची मर्यादा असलेल्या ठिकाणी हा साठ मिलिमीटरचा फरक आहे. यात कुणाची हलगर्जी नाही. सेंट्रिंगवाला आणि फरशीवाला या दोघांच्या मध्ये जिन्याचा पूर्ण हिशेब धरणारा कुणी नव्हता.

मापाचा दुसरा भाग पायरीच्या उंची-रुंदीचा. फ्रान्सच्या राजेशाही वास्तुशाळेतल्या फ्रान्स्वा ब्लाँदेलने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक सूत्र मांडले. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी, यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच मापाने २४ इंच, असावी. तो इंच आजच्या इंचापेक्षा मोठा होता, म्हणून बेरीज सुमारे ६५० मिलिमीटर येते. आज ६०० ते ६४०च्या आसपासचा आकडा धरतात. साडेतीनशे वर्षे हे सूत्र टिकले, कारण ते खरोखर उपयोगी आहे. पण त्यात एक फट आहे. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घराच्या आतल्या जिन्यासाठी पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर आणि उंची कमाल १९० मिलिमीटर दिली आहे. १९०ची दुप्पट अधिक २५०, बेरीज ६३०. सूत्र खूश. दुसरीकडे १६९ उंची आणि २९० रुंदी घ्या, बेरीज ६२८. सूत्र तेवढेच खूश. चढणाऱ्याला दोन्हींत फारसे बिघडत नाही, कारण चढताना माणूस चवडाच टेकवतो. उतरताना मात्र २५० मिलिमीटरच्या पायरीवर मोठ्या माणसाचे पाऊल पुरते मावत नाही. एक तर चवडा कडेबाहेर लोंबतो, नाही तर पाऊल तिरके टाकावे लागते. गुडघे दुखणारी माणसे जिना उतरताना अंग वळवून उतरतात, त्याचे अर्धे कारण गुडघ्यात असते आणि अर्धे पायरीत. १९७४ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये फिच, टेंपलर आणि कोर्कोरन यांनी जिन्यांच्या मापांवर लेख लिहून हा प्रश्न प्रयोगाच्या पातळीवर आणला. पुढे १९९२ साली जॉन टेंपलरने जिन्यावर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातला एक इतिहासाचा आणि दुसरा धोके, पडणे व अधिक सुरक्षित रचना यांचा. स्थापत्याच्या ग्रंथात पडण्याला अख्खा खंड मिळावा, ही मला त्या विषयाची खरी प्रौढता वाटते.

यावर पहिला आक्षेप जागेचा, आणि तो रास्त आहे. शहरात चौरस फुटाचे दर काय आहेत, हे इथे सांगायची गरज नाही. म्हणून हिशेबच करू. दोन मजल्यांतले अंतर दहा फूट, मध्ये चौक असलेला दुहेरी जिना, प्रत्येक सोपान एक मीटर रुंद. सोळा उठाव, म्हणजे पायऱ्यांचे उभे भाग, घेतले तर प्रत्येकी साडेसात इंच, म्हणजे संहितेच्या कमाल मर्यादेला टेकलेले. सोपानात सात-सात पायऱ्या, २५० मिलिमीटरच्या, पुढे एक मीटरचा चौक. जिना साडेपाच चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५९ चौरस फूट घेतो. अठरा उठाव घेतले तर प्रत्येकी १६९ मिलिमीटर. आठ-आठ पायऱ्या, २९० मिलिमीटरच्या, चौक तोच. जागा सुमारे ७१ चौरस फूट. म्हणजे भांडण बारा चौरस फुटांचे आहे. पंधराशे चौरस फुटांच्या घरात हे प्रमाण एक टक्क्याहून कमी भरते. एवढी जागा कपड्यांच्या एका जास्तीच्या कपाटाला आपण विचार न करता देतो. अडचण खरी जागेची नसून क्रमाची आहे. खोल्या आधी आखल्या जातात आणि उरलेल्या खाचेत जिना बसवला जातो. जिना आधी आखला, तर ते बारा चौरस फूट कुठून आले हे कुणाला कळतही नाही.

दुसरा आक्षेप वारशाचा. पुण्याच्या वाड्यांत जिने भिंतीच्या जाडीत कोंबलेले, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे अरुंद, उभे चढ असलेले आणि अंधारे होते. तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे, नऊवारी नेसलेल्या बायकाही, ते चढत-उतरत राहिली. मग आताच एवढी चिंता कशाला? याचे उत्तर वाड्यातच आहे. तो जिना अवघड होता, कारण तो अवघड असणे हा त्याचा हेतू होता. वर जाणारा परका माणूस एकेकटा, वाकून, हळू यावा, आणि वरून झडप लावली की वाट बंद व्हावी, हे संरक्षणाचे गणित होते. घरच्यांना उतरता यावे म्हणून अनेक जुन्या घरांत धरायला दोर सोडलेला असे. त्या काळच्या माणसांनासुद्धा तो उतार नुसत्या सवयीने पेलत नव्हता, हे तो दोरच सांगतो. आणि पडून कंबर मोडलेल्या सासूबाईंची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही. टिकून राहिलेल्यांकडे बोट दाखवून जिना निर्दोष ठरवता येत नाही.

जिना कुणासाठी आखला, यातून समाजाची उतरंडही दिसते. मुंबईच्या अनेक जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिने आहेत. पुढचा रुंद जिना घरच्यांचा आणि पाहुण्यांचा. मागचा गोल जिना सफाई कामगारांचा, त्यांनी घरातून जाऊ नये म्हणून बांधलेला. गोल जिन्यात पायरी खांबाकडे निमुळती होत जाते, चांगले पाऊल फक्त बाहेरच्या कडेला बसते आणि वळत-वळत उतरताना दिशेचे भान सुटते. उतरायला सर्वांत कठीण असा जिना ओझे घेऊन उतरणाऱ्यालाच दिला गेला. आज तोच गोल जिना दुमजली सदनिकेत हौसेने बसवला जातो, तेव्हा हा इतिहास कुणाच्या मनात नसतो, पण पायरी निमुळती ती निमुळतीच राहते. गच्चीवर, क्वचित जायच्या जागी तो चालेल. मुलांच्या खोलीकडे जाणारी रोजची वाट म्हणून तो चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आजच्या कल्पना एकेक घेऊन त्या वरून पाहू. आपल्याकडे सर्वांत रुळलेली जोडी म्हणजे पायरीवर काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट आणि उभ्या भागाला पांढरी टाइल. दिवाणखान्यातून पाहिले तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही ओळ फार देखणी दिसते, प्रत्येक पायरी वेगळी ओळखू येते. आता वर उभे राहा. उभे भाग दिसेनासे होतात, उरतो एक सलग काळा उतार. कड कुठे संपते आणि खालची पायरी कुठे सुरू होते, हे संध्याकाळच्या उजेडात सांगता येत नाही. त्यात कडेला पूर्ण गोलाई मारलेली असते, म्हणजे पावलाचा दाब नेमका जिथे येतो तिथे दगड सपाट नसतो आणि २५० मिलिमीटरमधले आणखी दहा-बारा वाया जातात. उपाय महाग नाही. कडेला दीड-दोन इंच रुंदीची वेगळ्या रंगाची पट्टी, तिच्यात मशीनने मारलेल्या दोन-तीन खाचा, गोलाईऐवजी कड जेमतेम मोडलेली, आणि दगड पॉलिशऐवजी खरबरीत. आपला कोटा किंवा शहाबादी दगड मुळातच या कामाचा आहे; त्याला आरशासारखे घासून आपण त्याचा गुण घालवतो.

पायरीच्या कडेखाली लपवलेली एलईडीची पट्टी घ्या. ती उजळते ते उभ्या भागाला आणि खालच्या पायरीच्या आतल्या कोपऱ्याला. खालून सगळा जिना तेजाळतो. उतरणाऱ्याला जी पुढची कड दिसायला हवी, ती त्या उजेडाच्या मागे, तुलनेने अंधारात राहते. तोच दिवा बाजूच्या भिंतीत, घोट्याच्या उंचीवर, दर तीन पायऱ्यांना बसवला आणि त्याची झळाळी डोळ्यात येणार नाही अशी झाकली, तर पायरीचा माथा उजळतो. आणि टू-वे स्विच खाली व वर, दोन्हीकडे हवाच. तो वरच्या बाजूला नसल्यामुळे अंधारात चाचपडत उतरायला लावणारी घरे अजूनही बांधली जातात.

मधले उभे भाग उघडे सोडलेल्या तरंगत्या पायऱ्यांविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे, कारण त्यांचा एक खरा गुण आहे: लहान घरात त्यांच्यातून उजेड आणि वारा आरपार जातो. पण रांगत्या मुलाला त्या फटी म्हणजे खिडक्याच. ब्रिटनमध्ये घरातल्या उघड्या पायऱ्यांमधून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा जाता कामा नये असा नियम आहे, आणि त्यासाठी फटीत आडवी पट्टी दिली की हलकेपणही राहते. साडीचा प्रश्न मात्र कोणत्याच परदेशी छायाचित्रात नसतो. निऱ्यांमुळे उतरणाऱ्या बाईला स्वतःचे पाऊल दिसत नाही, आणि मागचा काठ वरच्या पायरीच्या पुढे आलेल्या फळीत अडकू शकतो. एक हात निऱ्या धरतो, म्हणून दुसऱ्या हाताला कठडा लागतोच.

आणि नेमका तो कठडाच आज नाहीसा होत आहे. काचेचे उभे पॅनेल, वर काही नाही, किंवा वर चार इंच रुंद चपटी फळी. हात त्यावर टेकवता येतो, मूठ वळवता येत नाही. पडणाऱ्या माणसाला टेकण्याने वाचवता येत नाही, मूठच वाचवते. सव्वा ते दोन इंच व्यासाची गोल पट्टी, भिंतीपासून बोटे जातील एवढी दूर, पहिल्या पायरीच्या आधी सुरू होऊन शेवटच्या पायरीच्या पुढे संपणारी, एवढे तिचे सोपे वर्णन आहे. काच ठेवावी, तिच्या बाजूने ही पट्टी चालवावी. शक्य तिथे भिंतीकडूनही दुसरी द्यावी, कारण ज्यांचा एक हात दुखावलेला आहे किंवा एक बाजू अर्धांगाने गेली आहे, त्यांना चढताना धरलेली बाजू उतरताना उलटी येते.

इथे सौंदर्याचा आक्षेप येतो आणि तो सर्वांत जोरकस आहे. मेक्सिको सिटीत लुइस बारागानच्या १९४८ सालच्या घरात लाकडी पायऱ्यांचा एक जिना आहे: भिंतीतून निघालेल्या फळ्या, कठडा नाही, एक बंद दार, बस. विसाव्या शतकातल्या घरांतली ती अतिशय सुंदर जागा आहे, हे मी मनापासून मानतो. ते घर आज जागतिक वारसा यादीत आहे. पण बारागानने ते स्वतःसाठी बांधले आणि त्यात तो एकटा राहिला. ज्याच्या घरात आजी, बाळंतीण आणि शाळकरी मूल एकाच जिन्याने उतरतात, त्याने बारागानचा तो जिना उचलणे म्हणजे बारागानची परिस्थिती मागे ठेवून आकार तेवढा घेणे होय. व्हेनिसमध्ये कार्लो स्कार्पाने ऑलिवेत्ती कंपनीच्या दालनात जिन्याच्या संगमरवरी लाद्या एकमेकींवरून निसटल्यासारख्या मांडल्या. तेही कुटुंबाचे घर नव्हते, दालन होते. उतरणाऱ्याचा विचार केल्याने जिना कुरूप होतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. जपानी घरांत पायऱ्यांखाली कप्पे आणि खण असलेले जिना-कपाट असे. ते फर्निचरचा उत्तम नमुना म्हणून आज संग्रहालयांत ठेवतात, आणि त्याचे सौंदर्य उपयोगातूनच आले. आपल्याकडे वळणावरचा चौक ही अशीच दुर्लक्षित संधी आहे. चौकात खिडकी आणि बसायला एक बाक दिला, तर पडण्याची उंची अर्धी होते, दम घ्यायला जागा मिळते आणि पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलाला घरातली सर्वांत चांगली जागा मिळते. चौक वाचवून तिथे तीन त्रिकोणी पायऱ्या बसवल्या, की हे सगळे जाते. शिवाय कठडा आतल्या बाजूला असल्याने उतरणारा नेमका पायरीच्या टोकदार भागावर पाऊल टाकतो.

वास्तुशास्त्र पाळणाऱ्या घरांत पायऱ्यांची संख्या विषम असावी असा आग्रह असतो. त्याच्याशी भांडायचे कारण नाही. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसनेही मंदिराच्या पायऱ्या विषम असाव्यात, म्हणजे उजवे पाऊल पहिल्या पायरीवर पडेल आणि वरही उजवेच पोहोचेल, असे लिहून ठेवले आहे. दहा फुटांत सतरा उठाव घेतले तर प्रत्येकी १७९ मिलिमीटर येतात, चालण्यासारखे आहेत. सतरा जुळवण्यासाठी एक पायरी छाटून टाकली जाते आणि उरलेल्या असमान होतात, तेवढे मात्र होऊ देऊ नये.

शेवटचा आक्षेप असा की म्हातारपणासाठी तळमजल्यावर एक झोपायची खोली ठेवावी, पैसे असतील तर लिफ्ट बसवावी, मग जिन्याची एवढी काळजी नको. तळमजल्यावर खोली हवीच, त्यावर दुमत नाही. पण वीज जाते, आणि घरात लहान मुले, गरोदर बाई, पाय मुरगळलेला तरुण असे सगळेच असतात. मग गच्चीचा जिना राहतोच. तो घरातला सर्वांत उपेक्षित जिना. वरची टाकी, सौर पत्रे आणि उन्हाळ्यात वाळवण, या सगळ्यांसाठी तो लागतो, आणि उरलेल्या कोपऱ्यात तो सर्वांत उभा व सर्वांत अरुंद बांधला जातो. कुरडया-पापडांचे ताट दोन्ही हातांत धरून, समोरचे पाऊल ताटाआड गेलेले, अशी बाई उन्हातून एकदम अंधाऱ्या जिन्यात उतरते. या क्षणासाठी तो जिना आखलेला असतो का, हा प्रश्न घरमालकाने नकाशा पाहताना विचारला पाहिजे. तिला कठडा धरता येणार नाही. म्हणून तिथे पायरी सर्वांत रुंद, कड सर्वांत स्पष्ट आणि दाराच्या आत, पहिल्या पायरीआधी, डोळे स्थिरावतील एवढा सपाट चौक हवा.

यातले बरेच काही नकाशावरच ठरते, म्हणून वास्तुविशारदाकडून जिन्याचा उभा छेद मागून घ्यावा, आणि त्यावर पातळ्या कच्च्या स्लॅबच्या नव्हे तर तयार फरशीच्या लिहिलेल्या असाव्यात. सेंट्रिंगवाल्याला खालचा आणि वरचा उठाव किती कमी-जास्त ठेवायचा हे त्या आकड्यांवरून सांगता येते. वरच्या उदाहरणात त्याने कच्ची पहिली पायरी १९९ची आणि वरची शेवटची १३९ची ठेवली, तर फरशी बसल्यावर सगळ्या १६९च्या होतात. स्लॅब पडून गेला असेल तर फरशीवाला येण्याआधी एक सरळ पट्टी उभी धरून तिच्यावर प्रत्येक पायरीची खूण करावी, आणि जो फरक निघेल तो प्रत्येक पायरीच्या मसाल्याच्या जाडीत भरून काढावा. या कामाला गवंड्याला अर्धा दिवस लागतो.